आतलं कापड

४ तारीख, सोमवार

गिरमिट,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तुला तो चालेल की नाही ते कळेना, म्हणून वर एक ओळ रिकामी सोडली आहे. हवा असेल तर त्या ओळीत आहे असं समज.

तुझी आई म्हणाली, एवढं वाटतंय तर सरळ फोन करा. मी म्हटलं, पोरीने बजावलंय, तोंडी नको, लिहून द्या. दोन वर्षं झाली त्याला, पण मी विसरलेलो नाही. मुळात ते वाक्यच माझं. तू सहा वर्षांची होतीस, टेबलाखाली बसून भुसा गोळा करायचीस आणि प्रश्न विचारून विचारून माझ्या डोक्याला भोकं पाडायचीस, म्हणून तर तुझं नाव गिरमिट पडलं. तेव्हा मीच तुला शिकवलं की माप तोंडी घ्यायचं नसतं. ते तू बरोबर माझ्यावरच उलटवलंस.

लिहायचं कारण असं. महिनाअखेरीला वर्कशॉप सोडतोय. चाळीस वर्षं दारं केली, आता डोळ्यांना व्हिनियरचा सांधा दिसत नाही. बोटाने चाचपावा लागतो. काल माळा रिकामा करताना चौकटींच्या मागे तुझी दुसरी फळी सापडली. लाटेवर उभं राहायची ती, तू तिला बोर्ड म्हणतेस, माझ्या तोंडात फळीच बसलंय. जुन्या चादरीत गुंडाळलेली होती. नुसता फोम, पण घासून आकार दिलेला, आणि त्यावर तुझ्या पेन्सिलीने, पहिलीवर होतं तेच, लिहिलेलं: वर ४+६, खाली ४. आत ४, दोन्हीकडे.

म्हटलं, जागा सोडायच्या आधी ही तरी पुरी करावी. फोमवर डकवायला लाकडाचा पापुद्रा आहे. फायबरग्लासच्या कापडाचा अर्धा गठ्ठा पडून आहे, रेझिनचा डबा अजून फोडलेला नाही. फक्त तुझं हे दीड ओळीचं लिखाण मला कळत नाहीये.

चार आणि सहा म्हणजे काय? कापडाचे पदर? मग वर दहा, खाली चार, आत चार-चार, असे बावीस पदर झाले. बावीस पदरांची फळी पाण्यापर्यंत न्यायला चार माणसं लागतील, आणि ती तरंगली तर मी नाव बदलीन. आणि वर म्हणजे कुठे? मी दारं करणारा माणूस. दाराचं वर म्हणजे चौकटीच्या डोक्याकडचं आणि खाली म्हणजे उंबऱ्याकडचं. तसं धरलं तर टोकदार बाजूला दहा आणि शेपटाकडे चार. पण मग फळी नाकावर नाही का पडायची? शिवाय हा फोम तू कुठल्या अंगाने ठेवून लिहिलंस, पालथा की उताणा? मी तो तीनदा उलटून पाहिला आणि आता कुठली बाजू कुठली होती तेच विसरलो.

दुसरी गोष्ट. तुझ्या आईकडून कळलं की होड्यांच्या यार्डवाल्या बाईंनी तुला कापडाचं सगळं काम सांभाळायला बोलावलंय आणि वीस तारखेपर्यंत उत्तर मागितलंय. तू नाही म्हणणार आहेस. माझे थर चुकतात, असं म्हणालीस. रविवारी तुम्ही मायलेकी बोलता तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहतो खरा, पण खिडकी उघडी असते.

तुझे थर चुकतात हे तुला सांगितलं कुणी? मीच. पहिली फळी लाटेत मोडली, तुझा खांदा निखळला, आणि हॉस्पिटलात तुझ्या उशाशी बसून मी म्हणालो, तुझे आकडे चुकले असतील. चुकले असतील म्हणालो. चुकले असं म्हणालो नव्हतो. तू विचारलंस, कुठला आकडा चुकला, तोंडी नको, लिहून द्या. मी काही लिहून दिलं नाही आणि तू घर सोडलंस, ते आजतागायत त्या ऑफिसात कागदांवर शिक्के मारत बसली आहेस.

वीस तारखेला 'नाही' असं कळवू नकोस. कारण विचारू नकोस.

बाबा


७ तारीख, गुरुवार

गिरमिट,

चार आणि सहा म्हणजे काय ते कळलं. कापडवाल्याकडे तुझं वाक्य उतरवून नेलं होतं. तो पोट धरून हसला. म्हणाला, काका, हे पदर नाहीत, हे कापडाचं वजन आहे, चार औंसी आणि सहा औंसी. म्हणजे वर चार औंसीचा एक पदर आणि सहा औंसीचा एक. बाविसाचे पाच पदर झाले. मला इतकं हलकं वाटलं की त्याच्याकडून नको असलेला ब्रशही घेऊन आलो.

वर म्हणजे कुठे, हे त्यालाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, आम्ही कापड विकतो, ते कुठे लावायचं हे ज्याचं त्याने बघायचं.

मग घरी येऊन मी दोन पट्ट्या केल्या. सहज. का केल्या ते विचारू नकोस. हातभर लांबीचा फोम, त्याच्या एका अंगाला लाकडाचा पापुद्रा, पापुद्र्यावर बाहेरून कापड. एका पट्टीत पापुद्रा आणि फोम यांच्या मध्येही कापड घातलं, तुझ्या भाषेत 'आत ४'. दुसरीत ते घातलं नाही. दोन दिवस सुकू दिल्या. आज दोन्ही पट्ट्या लाकडाचं अंग खाली करून ठोकळ्यांवर टेकवल्या आणि मधोमध वार्निशचे भरलेले डबे रचत गेलो. लाकडावर ओरखडे उठू नयेत म्हणून चांगलं अंग खाली ठेवलं, दारं तशीच ठेवतात.

आतल्या कापडाची पट्टी नवव्या डब्याला दबून बसली. बिनकापडाचीही नवव्यालाच बसली. फरक काही नाही.

मी चहा केला आणि बिस्किटंही खाल्ली. तुझी आई म्हणाली, आज स्वारी खुशीत दिसते. मी म्हटलं, दिसू दे. आयुष्यभर मी हेच सांगत आलो की लाकूड आणि सरस यांच्या मध्ये तिसरं कुणी यायचं नाही. मध्ये काहीही घाला, धूळ घाला की कापड घाला, ते उद्या पापुद्रा सोडवणारच. तू त्यावर म्हणायचीस, बाबा, दार दमट होतं, बोर्ड वाकतो. मी ऐकून घ्यायचो. ऐकून घेणं म्हणजे पटणं नव्हे.

तेव्हा आतलं कापड असलं काय, नसलं काय. म्हणजे त्यात कुणाचा दोष नाही.

आता लिहिताना मात्र गुंता झालाय. आतल्या कापडाने फरक पडत नसेल, तर फळी का मोडली? मग तुझे आकडेच चुकले, असं ठरतं. आणि फरक पडत असेल, तर

हे वाक्य उद्या पुरं करतो. डोकं चालत नाहीये.

बाबा


९ तारीख, शनिवार

गिरमिट,

मागच्या पत्रातलं डब्यांचं सगळं खोडून टाक.

डांबरकाका आला होता. तुला आठवतो ना, होड्या दुरुस्त करणारा, लहानपणी तू त्याच्या मांडीवर बसायची नाहीस कारण त्याला वास यायचा. आता तोही रेझिनच वापरतो, पण नाव डांबरच राहिलं. माझे जुने शिकंजे न्यायला आला आणि त्या पट्ट्यांपाशी येऊन थबकला. म्हणाला, ह्या अशा पालथ्या का घातल्यास?

मी सांगितलं. तो म्हणाला, अरे शहाण्या, पोरगी फळीच्या पोटावर उभी राहते की पाठीवर? वरून वजन टाकलंस तर वरचं अंग दाबलं जातं. तू वर उघडा फोम ठेवलास, तो चेपला, पट्टी बसली. त्यात लाकडाची परीक्षा झालीच कुठे? तू फोम तपासलास.

दोन्ही नव्याने केल्या. माझ्याकडचं रेझिन सावकाश सुकतं म्हणून त्याने त्याचं आणलं, आणि सुकेपर्यंत त्याने मला त्याच्या सुनेच्या सगळ्या तक्रारी सांगितल्या. मग लाकडाचं अंग वर करून ठेवल्या.

आतल्या कापडाच्या पट्टीवर अकरा डबे चढले. बारावा ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी वर हात दाबून धरला, तरी ती नुसती वाकून राहिली.

दुसरीवर चौथा डबा ठेवला तेव्हा पापुद्र्यावर आडवी सुरकुती आली. केसाएवढी. मला ती दिसली नाही, बोटाला लागली. पाचव्याला पट्टी मोडली आणि डबे माझ्या पायावर आले.

डांबरकाकाने तुकडा उचलून त्यावर अंगठा फिरवला. म्हणाला, पापुद्रा ओढलास तर टिकेल, दाबलास तर मुडपणार. मुडपू नये म्हणून त्याला आतून धरणारं कुणीतरी लागतं, ते हे आतलं कापड. मग माझ्याकडे बघून म्हणाला, असा मोडलेला तू आधी कुठे पाहिलायस का? मी म्हटलं, नाही. तो शिकंजे घेऊन गेला.

तुझ्या मोडलेल्या फळीवर, तू मागचा पाय ठेवतेस तिथे, आडवी सुरकुती होती. तुला आठवते का? मला आठवते. ती मी हॉस्पिटलातून परत आल्यावर बोटाने चाचपली होती.

ह्याच्यापुढे एक पान लिहिलं होतं. फाडलं. पाय सुजलाय. अकरा दिवस आहेत अजून.

बाबा


१२ तारीख, मंगळवार

गिरमिट,

आज तुझी आई कपाटावरचा पसारा काढत होती. मागून एक लांब नळकांडं निघालं. तिने ते उलगडलं आणि ओरडली, ही कसली खाजकुयली आणून ठेवलीत घरात? मी धावत गेलो, पण तोवर तिने ते खोलीभर पसरलं होतं. काचेचं कापड. माणसापेक्षा लांब, एका टोकाला निमुळतं, कडेने तुझ्या कात्रीची नीट रेघ. शेपटाकडच्या कोपऱ्यात तुझ्या अक्षरात एकच शब्द: आत.

तुझ्या आईला आपल्या धंद्यातलं काही कळत नाही. ती ते अक्षर बघत राहिली आणि म्हणाली, हे आपल्या पोरीचं अक्षर आहे. आत लिहिलंय. मग हे बाहेर काय करतंय?

तिला सांगितलं. तेच आता तुला लिहितो.

त्या दुपारी आपण पहिल्या फळीचे पापुद्रे डकवत होतो. खालच्या बाजूचं तू स्वतः केलंस, आतलं कापड घालून. वरच्या बाजूचं कापड कापून ठेवलंस आणि रेझिन घट्ट करणारा हार्डनर कमी पडेल म्हणून आणायला गेलीस. जाताना म्हणालीस, बाबा, रेझिन धरायला लागेल, तुम्ही सुरू करा, आधी कापड, मग लाकूड. मी कापड उचललं, फोमवर पसरलं, आणि माझा हातच पुढे जाईना. चाळीस वर्षं लाकडाच्या खाली सरसाशिवाय काही घातलं नव्हतं. मनात म्हटलं, पोर शिकलेली आहे, पण लाकूड माझं आहे. तिची फळी माझ्या पद्धतीने जास्त टिकेल आणि तिला कळणारही नाही. कापड काढलं, लाकूड बसवलं, शिकंजे आवळले.

तू आलीस आणि विचारलंस, आत घातलंत ना? मी म्हटलं, घातलं. तोंडी.

फळी मोडल्यावर मला कळलं होतं. पूर्ण नाही, पण सुरकुती बोटाला लागली तेव्हा ते काढलेलं कापड आठवलं. तरी दुसऱ्या दिवशी तुझ्यासमोर बसून मी तुझे आकडे चुकले असतील म्हणालो. का म्हणालो? तू जन्मात पहिल्यांदा कारागीर म्हणून माझी मदत मागितली होतीस आणि मी ती अशी केली, हे तुला कळेल याची भीती वाटली. मग दोन वर्षं मी स्वतःला पटवत राहिलो की कापडाने काही होत नसतं. पट्ट्या केल्या त्या याचसाठी. मला सिद्ध करायचं होतं की मी निर्दोष आहे. पट्ट्या पालथ्या ठेवून ते मी एक दिवस सिद्धही केलं.

मला लाज वाटते. दुसरा शब्द सापडत नाही.

कुठला आकडा चुकला ते लिहून द्या, म्हणालीस. लिहून देतो. एकही नाही. वर ४+६, खाली ४, आत ४ दोन्हीकडे, हे सगळं बरोबर होतं. त्यातलं वरच्या बाजूच्या आतलं चार मी काढून घेतलं. फळी माझ्यामुळे मोडली. खांदा माझ्यामुळे निखळला. तुझ्यामुळे काही झालं नाही.

सही खाली केली आहे, पूर्ण, बिलावर करतो तशी. यार्डवाल्या बाईंना हा कागद दाखवायचा असेल तर दाखव.

तुझी आई बराच वेळ हात धूत होती. मग म्हणाली, मी फोन करून सांगणार नाही, तुम्ही लिहा. माझ्याशी अजून बोललेली नाही. जेवायला वाढलं, पण ताट जरा लांबच ठेवलं.

बाबा


१४ तारीख, गुरुवार

गिरमिट,

परवाचं पत्र पोचेल न पोचेल म्हणून हे पार्सल वेगळं पाठवतोय. ते कापड आहे. तुझ्या हातात असलेलं बरं, म्हणजे मी उद्या पुन्हा शब्द फिरवला तर तुझ्याकडे पुरावा राहील. मला माझाच भरवसा वाटत नाही.

पोस्टातल्या माणसाने विचारलं, आत काय आहे? मी एवढा चपापलो की त्याने पार्सल हलवून बघितलं.

एक गोष्ट मला कळत नाही, ती तुला विचारतो. हे कापड मी त्याच दिवशी टाकून का दिलं नाही? कचऱ्याची गाडी दारात येते. आणि ठेवलं तर घडी घालून कुठेही कोंबता आलं असतं. पण काचेच्या कापडाला घडी पडली की तिथे ते मोडतं, असं तू सांगितलं होतंस, म्हणून मी ते नळकांड्यावर सरळ गुंडाळलं आणि वर कागद लावला. जे लपवायचं ते इतकं जपायचं कशाला? तुझ्या आईला विचारलं असतं, पण तिचं अजून मौन आहे.

दुसरी फळी टेबलावर आहे. तिला काही केलेलं नाही. वर म्हणजे कुठलं, हे डांबरकाकाने सांगितलं, तेव्हा ते एकदम पटलं होतं. आता फोम समोर घेतला की पुन्हा दारच दिसतं.

वीस तारीख बुधवारी आहे. तुला माहीतच आहे म्हणा.

बाबा


१८ तारीख, सोमवार

बाबा,

वरची रिकामी ओळ नमस्काराची आहे. तुम्ही सोडलीत म्हणून मीही सोडली.

पार्सल मिळालं. ऑफिसातच उघडलं, त्यामुळे आमचा अख्खा विभाग खाजवतोय.

वर म्हणजे मी उभी राहते ती बाजू. ते दार नाहीये. फोम असा ठेवा की दोन्ही टोकं छताकडे उचललेली दिसतील, मग जी बाजू तुमच्याकडे बघते ती वर.

दोन वर्षांत ते आकडे मी किती वेळा तपासले, सांगू? एक वही भरली. दर वेळी बरोबरच यायचे. आकडे बरोबर आणि बोर्ड तर मोडलेला, म्हणजे चूक आहे आणि ती मला दिसत नाही, असं मी धरून चालले. ज्याला स्वतःची चूक दिसत नाही त्याने लोकांच्या होडीला हात लावू नये. शिक्का मारण्यात चूक झाली तर कुणी बुडत नाही, म्हणून मी शिक्के मारत बसले. तुमचं बारा तारखेचं पत्र वाचलं, ती वही काढली आणि पहिल्या पानावरची बेरीज बघून रडले. पहिल्याच पानावर बरोबर होती.

सुरकुती मला आठवते. मला वाटलं होतं ती माझ्या पायाची खूण आहे.

मी चिडलेली आहे. अजून बरेच दिवस चिडलेली राहणार आहे. आईला म्हणावं, या रविवारी माझी समजूत घालू नकोस, आणि बाबांशी बोलायला लाग, नाहीतर ते घरातल्या सगळ्या डब्यांची परीक्षा घेत बसतील.

यार्डवाल्या बाईंना आज हो कळवलं. तुमचा कागद दाखवला नाही. तो माझ्याकडे राहील.

कापड का जपलंत ते मला माहीत नाही. मला विचारू नका, तुम्हीच शोधा आणि सापडलं की लिहून द्या.

दुसऱ्या फळीला हात लावू नका. शनिवारी सकाळच्या गाडीने येते. हार्डनर मी आणते, म्हणजे मध्येच बाहेर जावं लागणार नाही. वरच्या बाजूचं आतलं कापड तुम्ही घालायचं. मी समोर उभी राहून बघणार.

गिरमिट